झोप, कामाचा ताण आणि जुनाट आजार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पिंपरी-चिंचवडमध्ये मी मधुमेह आणि रक्तदाबाच्या रुग्णांना आहार, औषधं, तपासण्या समजावून सांगण्याचं काम करते. समोर बसणाऱ्यांत चाकण-भोसरीच्या कारखान्यांत तीन पाळ्यांत काम करणारे असतात, हिंजवडीत रात्रभर परदेशी ग्राहकांचे फोन घेणारी मुलं असतात, पहाटे पाचला उठून चार डबे भरून मग स्वतः कामाला पळणाऱ्या बायका असतात. या सगळ्यांना आम्ही काय खाता, किती चालता, गोळ्या घेता का, हे विचारतो. "झोपता किती? काम कसं आहे?" हे मात्र फार कमी जण विचारतात. केसपेपरवर त्याला रकानाच नसतो. म्हणून नेहमी येणाऱ्या प्रश्नांची उत्तरं इथे लिहिते आहे.

गोळ्या वेळेवर, पथ्यही पाळतो, तरी उपाशीपोटीची शुगर खाली येत नाही. झोपेमुळे असं होतं का?

होऊ शकतं. चाकणच्या एका कारखान्यात मशीन चालवणारे ४६ वर्षांचे गृहस्थ माझ्याकडे आले होते. खताच्या दुकानातून मिळालेली खिशातली डायरी, तिच्यात तीन महिन्यांचे आकडे निळ्या पेनाने लिहिलेले. एका आठवड्यात १२५-१३०, पुढच्यात १६५-१७५, मग पुन्हा खाली. घरी भात बंद, चहा बिनसाखरेचा. बायको आणि ते एकमेकांवर संशय घेऊ लागले होते : तुम्ही कँटीनमध्ये गोड खाता, तू भाजीत गूळ घालतेस. मी पेन्सिल घेतली आणि कुठल्या आठवड्यात कुठली पाळी होती ते त्यांनाच लिहायला सांगितलं. चढे आकडे सगळे थर्ड शिफ्टच्या, म्हणजे रात्रपाळीच्या, आठवड्यांतले निघाले. त्या आठवड्यांत त्यांची झोप दिवसा, तुकड्यातुकड्यांची, जेमतेम चार तासांची.

यामागचं कारण असं. उपाशीपोटीची साखर म्हणजे रात्रीच्या जेवणाची उरलेली साखर नव्हे, ती बहुतांशी यकृताने रक्तात सोडलेली असते. झोप अपुरी पडली की शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, यकृताचा हात सैल सुटतो. १९९९ साली शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी ११ निरोगी तरुणांना सहा रात्री फक्त चार-चार तास अंथरुणात राहू दिलं. तेवढ्यात त्यांची साखर पचवण्याची ताकद ठळकपणे घटली आणि संध्याकाळी उतरायला हवं ते कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, चढंच राहिलं. ही धडधाकट पोरं होती. ज्याला आधीच मधुमेह आहे त्याच्याकडे तर राखीव ताकद कमीच असते.

मात्र डायरीत असं काही दिसलं म्हणून गोळी स्वतःहून वाढवू नका, कमीही करू नका. डायरी डॉक्टरांना दाखवा. पाळीचं कळलं तर डोस वाढवण्याआधी ते वेगळा विचार करतील.

सहा तास झोप पुरत नाही का? आमचे वडील चार तास झोपायचे.

मोठ्या माणसाला सात तास किंवा जास्त, ही आज सर्वमान्य शिफारस आहे. चार-पाच तासांत खरोखर भागणारी माणसं असतात, पण अगदी विरळा. बाकीच्यांना कमी झोपेची सवय होते म्हणजे एवढंच की थकवा जाणवेनासा होतो, साखर आणि रक्तदाब मात्र मोजला की बोलतोच. अमेरिकेतल्या हृदयरोग संघटनेने २०२२ मध्ये हृदय सांभाळण्याच्या आठ मुख्य गोष्टींच्या यादीत झोपेला आहार, व्यायाम, तंबाखूबंदीच्या पंगतीला बसवलं. तोवर ती यादी सातचीच होती.

मी आठ तास झोपतो, तरी सकाळी अंग मोडून आल्यासारखं वाटतं. मग?

मग तासांपेक्षा प्रत बघायला हवी. रात्रीच्या पहिल्या भागात गाढ झोप जास्त असते, आणि शरीराची बरीचशी डागडुजी तिच्यात होते. २००८ च्या एका प्रयोगात नऊ निरोगी तरुणांना पूर्ण वेळ झोपू दिलं, पण गाढ झोप लागतेय असं दिसलं की हलके आवाज करून ती मोडली. जागं केलं नाही, फक्त गाढपणा घालवला. तीन रात्रींत इन्सुलिनला मिळणारी दाद सुमारे २५ टक्क्यांनी घटली. घड्याळात तास तेवढेच होते.

गाढ झोप मोडणाऱ्या गोष्टी घराघरात असतात. पलंगाशेजारचा टीव्ही, रात्री घेतलेली दारू, वाढलेल्या साखरेमुळे लघवीला चार वेळा उठणं, गुडघ्याचं दुखणं, आणि सगळ्यात दुर्लक्षित म्हणजे घोरणं.

घोरणं म्हणजे गाढ झोप ना?

नाही. हा गैरसमज मला मनापासून खोडून काढायचा आहे. कारण नवरा घोरतोय म्हणजे दमून निवांत झोपलाय, असं समजून शेजारच्या खोलीत जाऊन झोपणाऱ्या कितीतरी बायका मी पाहिल्या आहेत.

नुसतं घोरणं वेगळं. घोरता घोरता आवाज एकदम थांबतो, दहा-पंधरा सेकंद श्वासच नाही, मग गुदमरल्यासारखा मोठा हुंदका येऊन पुन्हा सुरू, असं होत असेल तर तो झोपेतला श्वासरोध असू शकतो, डॉक्टर ज्याला स्लीप ॲप्निया म्हणतात. घशाची वाट मिटते, रक्तातला प्राणवायू खाली येतो, मेंदू घाबरून शरीराला हलवतो. माणसाला आठवतही नाही, पण हृदयावर दर वेळी ॲड्रिनलिनचा, म्हणजे धोक्याच्या वेळी सुटणाऱ्या संप्रेरकाचा, फटका बसतो. निरोगी माणसाचा रक्तदाब रात्री साधारण १० ते २० टक्के उतरतो, ती हृदयाची आणि रक्तवाहिन्यांची विश्रांती. श्वासरोध असलेल्यांत तो बहुधा नीट उतरतच नाही. तीन-तीन गोळ्या घेऊनही बीपी आटोक्यात येत नसेल तर "मला झोपेत श्वासरोध असेल का?" हा प्रश्न डॉक्टरांना विचाराच.

त्यासाठी झोपेची तपासणी करतात, रात्रभर अंगाला सेन्सर लावून. तासाला पाचाहून कमी वेळा श्वास अडखळत असेल तर ठीक, तीसच्या वर गेला तर तीव्र. उपाय म्हणजे वजन कमी करणं, कुशीवर झोपणं, दारू सोडणं, आणि मध्यम-तीव्र असेल तर सीपॅप नावाचं यंत्र, जे नाकावाटे हवेचा हलका दाब देऊन घसा उघडा ठेवतं. पहिले पंधरा दिवस लोक वैतागतात. मास्कचा आकार बदलून बघा, लगेच सोडून देऊ नका.

हा फक्त जाड्या माणसांचा आजार नाही. जबडा लहान, मान आखूड किंवा नुसतं पोट सुटलेलं असलं तरी होतो. मासिक पाळी गेल्यानंतर बायकांत प्रमाण वाढतं आणि त्यांच्यात घोरण्यापेक्षा थकवा, सकाळची डोकेदुखी, झोप न लागणं हीच तक्रार पुढे येते. म्हणून तिचं निदान "टेन्शन घेता तुम्ही" इथेच अडकतं.

तपासणीआधी फुकटातला एक उपाय : घरच्यांनी रात्री दोन मिनिटांचा व्हिडिओ काढा, आवाजासकट, आणि डॉक्टरांना दाखवा.

कामाच्या ताणाने खरंच बीपी-शुगर वाढते, की हे मनाचे खेळ आहेत?

साहेबांचं नाव फोनवर झळकलं की पोटात गोळा येतो ना? तो गोळा मनाचा नाही, शरीराचा आहे. ॲड्रिनलिन आणि कॉर्टिसॉल रक्तात उतरतं, नाडी वाढते, रक्तवाहिन्या आवळतात, यकृत साखर मोकळी करतं. घटकाभराने हे ओसरलं तर काही बिघडत नाही. पण सकाळी कंपनीच्या बसमध्ये सुरू झालेलं ते रात्री अंथरुणातही ओसरत नसेल, महिनोन्महिने, तर आजार त्यावर पोसला जातो.

आणि कामाचा ताण म्हणजे नुसतं जास्त काम नव्हे. लंडनमध्ये १९८५ साली सरकारी नोकरांचा एक मोठा अभ्यास सुरू झाला, व्हाइटहॉल नावाने ओळखला जाणारा दुसरा अभ्यास, दहा हजारांवर लोकांचा. सगळे टेबलावर बसून काम करणारे, सगळ्यांना तीच सरकारी आरोग्यसेवा. तरी हृदयविकार जास्त कुणाला? वरच्या साहेबांना नाही, खालच्या पायरीवरच्यांना. कामाची गती, क्रम, सुट्टी यातलं काहीच ज्यांच्या हातात नव्हतं त्यांना. पुढे २०१२ मध्ये युरोपातल्या १३ अभ्यासांतल्या जवळजवळ दोन लाख लोकांची माहिती एकत्र पाहिली, तेव्हा कामाचा रेटा मोठा आणि हातात अधिकार थोडा अशा नोकरीत हृदयविकाराचा धोका सुमारे २३ टक्क्यांनी जास्त दिसला. तंबाखूचा धोका याहून कितीतरी मोठा आहे, हेही सांगायला हवं. ताणावर बोट ठेवून विडी चालू ठेवता येणार नाही.

मला स्वतःला ही "हातात काय आहे" ची गोष्ट फार महत्त्वाची वाटते. टार्गेट तेवढंच असलं तरी जेवायला कधी उठायचं हे ज्याला ठरवता येतं त्याची साखर बरी राहते, असं मी माझ्यासमोर रोज बघते.

दुसरी वाट आडून येते. ताणाच्या दिवसात जेवण म्हणजे उभ्याउभ्या वडापाव, दुपारची गोळी बॅगेतच राहते, चालणं बंद, पायाची तपासणी "मार्च एंड संपू दे" म्हणून पुढे. बँकेतल्या लोकांच्या साखरेची एप्रिलमधली तीन महिन्यांची सरासरी मला न बघताही सांगता येते.

आठवड्याला किती तास काम म्हणजे अती?

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये मिळून मांडलेला हिशोब असा : आठवड्याला ३५-४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांत पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्के आणि हृदयविकाराने मरण्याचा १७ टक्के जास्त. आपल्याकडे १९४८ च्या कारखाने अधिनियमाने आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. ओटीच्या (ओव्हरटाइमच्या) पैशांवर घराचा हप्ता चाललेला असतो हे मला ठाऊक आहे, म्हणून "ओटी सोडा" असं मी सरसकट म्हणत नाही. पण रात्रपाळीच्या आठवड्यात तरी ओटी नको, एवढं सांगते.

रात्रपाळी टाळता येत नाही. शुगर-बीपी असताना कसं सांभाळू?

शरीराच्या जवळपास प्रत्येक पेशीत घड्याळ असतं. ते कसं चालतं याचा शोध लावणाऱ्या तिघा अमेरिकी शास्त्रज्ञांना २०१७ चं नोबेल मिळालं. मुख्य घड्याळ मेंदूत, ते उजेडावर चालतं. यकृताचं आणि इन्सुलिन तयार करणाऱ्या स्वादुपिंडाचं घड्याळ जेवणाच्या वेळेकडेही बघतं. रात्री दोन वाजता कँटीनमध्ये भात-आमटी-गुलाबजाम खाल्ले की स्वादुपिंड अर्धवट झोपेत असतं. तेच ताट दुपारी खाल्लं असतं तर साखर एवढी चढली नसती.

म्हणून मुख्य जेवण पाळीला निघण्याआधी. मध्यरात्रीनंतर हलकं काहीतरी : मूठभर फुटाणे, उकडलेलं अंडं, ताक. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी मधुमेहाची गोळी चालू असेल तर मात्र रात्रभर उपाशी राहायचं नाही, साखर एकदम खाली जाऊ शकते. थरथर, घाम, भोवळ आली आणि मोजल्यावर ७० च्या खाली दिसली तर तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायची. लॉकरमध्ये साखरेची पुडी हवीच, आणि शेजारच्या मशीनवरच्या मित्राला हे माहीत हवं.

चहा-कॉफी पाळीच्या पहिल्या अर्ध्यातच. कॅफिनचा निम्मा अंमल उतरायलाच पाच तासांच्या आसपास लागतात, सकाळी चारचा कडक चहा आठ वाजता डोळा लागू देत नाही. घरी येताना बसमध्ये काळा चष्मा लावा, लोक हसले तर हसू देत, कारण सकाळचं ऊन घड्याळाला "उठ" म्हणून सांगतं. दुचाकीवर असाल आणि डोळे मिटत असतील तर मात्र चष्मा वगैरे सोडा, कंपनीच्या बसने या. आल्यावर थोडं खाऊन लगेच झोपा. मुलाला शाळेत सोडून, बँकेचं काम उरकून, मग झोपू म्हटलं की झोप गेली.

पाळी बदलली की गोळ्या कोणत्या वेळी घ्यायच्या?

याचं एकच उत्तर सगळ्यांना लागू होत नाही. काही गोळ्या जेवणाशी बांधलेल्या असतात, लांब पल्ल्याचं इन्सुलिन घड्याळाशी, थायरॉइडची गोळी रिकाम्या पोटाशी. महिन्याचं पाळीपत्रक घेऊन डॉक्टरांकडे जा आणि प्रत्येक पाळीसाठी वेळा वेगळ्या लिहून घ्या. "रोज सकाळी १" असं लिहिलेल्या चिठ्ठीत रात्रपाळीवाल्याची सकाळ कोणती, हे कुणालाच माहीत नसतं.

मधुमेह-बीपी सोडून बाकीच्या आजारांना हे लागू आहे का?

आहे. अपुऱ्या झोपेने दुखणं सहन करण्याची ताकद कमी होते, त्यामुळे कंबरदुखी आणि संधिवात दुसऱ्या दिवशी जास्त छळतो, आणि दुखल्याने पुन्हा झोप मोडते. दमा तर मुळातच पहाटे चारच्या सुमारास जोर करतो, रात्री वारंवार खोकून उठत असाल तर दमा आटोक्यात नाही असं समजा. मायग्रेनला अनियमित झोप चालत नाही. अपस्मार (फिट येण्याचा आजार) असलेल्याने जागरण करू नये, झटका येऊ शकतो, आणि हे रात्रपाळी देणाऱ्या साहेबांनाही कळायला हवं.

रात्री पाय वळवळतात, हलवल्याशिवाय चैन पडत नाही. हे काय?

लोहाची कमतरता, मूत्रपिंडाचा आजार किंवा मधुमेहाने नसांना झालेली इजा, यांपैकी काही असू शकतं. फेरिटिनची, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी, रक्ततपासणी करून घ्या. कितीतरी बायका वर्षानुवर्षं सुनेकडून किंवा लेकीकडून पाय चेपून घेतात, आणि खरा उपाय असतो लोहाच्या गोळ्या.

झोपेची गोळी घेतली तर?

मेडिकलवाला ओळखीचा आहे म्हणून मिळालेली अल्प्राझोलम घेऊ नका. तिची सवय लागते, श्वासरोध वाढतो, वयस्कर माणसं रात्री उठताना पडतात. महिनोन्महिने घेत असाल तर एकदम बंदही करू नका, डॉक्टरांच्या सांगण्यावरून हळूहळू उतरवा. "एक पेग घेतला की छान झोप लागते" हेही तसंच : लागते लवकर, मोडते पहाटे तीनला.

अंथरुणात पडलं की ऑफिस डोक्यात सुरू होतं. काय करू?

हा प्रश्न विचारताना माणसं ओशाळतात, जणू त्यांचाच दोष. दोष नाही. मेंदूने पलंग आणि काळजी यांची जोडी लावलेली असते, ती तोडायची असते. जुनाट निद्रानाशावर गोळीच्या आधी सुचवली जाणारी उपचारपद्धती हीच, विचार आणि सवयी बदलण्याची. सहा-आठ आठवडे लागतात, पण फायदा टिकतो.

घरी सुरुवात अशी करा. संध्याकाळी सातला, झोपायच्या खोलीत नव्हे, वहीत उद्याची कामं आणि काळज्या लिहून काढा, प्रत्येकीपुढे पुढची एक पायरी. झोप आली तरच अंथरुणात जा. वीसेक मिनिटांत लागली नाही तर उठा, दुसऱ्या खोलीत मंद दिव्यात बसा, निवडायची भाजी घ्या, नाहीतर देवाचं नाव घ्या, पेंग आली की परत. फोन नको. उठायची वेळ मात्र रोज तीच, रात्र कशीही गेली तरी. पहिला आठवडा जड जातो. पाळ्या बदलणाऱ्यांनी किंवा अपस्मार असलेल्यांनी हे तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच करावं.

मन फारच खचलं असेल, जगणं नको वाटत असेल, तर टेली-मानस या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास.

दुपारची वामकुक्षी चालेल?

चालेल. वीस मिनिटं, तीनच्या आत. दीड तास नको.

मी नोकरी करत नाही, घरीच असते. मला कसला कामाचा ताण?

ताई, तुमची पाळी पहाटे पाचला सुरू होते आणि ओटा पुसून संपते तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजलेले असतात. त्यात सासूबाईंची औषधं, मुलाची दहावी, आणि साप्ताहिक सुट्टी नाही. रेटा मोठा आणि हातात अधिकार थोडा, युरोपातल्या त्या अभ्यासांतली व्याख्या तुम्हाला तंतोतंत लागू पडते. म्हणून तुमच्या केसपेपरवर "गृहिणी" लिहिलं की मी त्याखाली तास लिहिते. डबे एक दिवसाआड नवरा किंवा मोठा मुलगा भरेल, एवढं एक जरी घरात ठरलं तरी तुमच्या झोपेत तास-पाऊण तास वाढतो.

साहेबांना आजार सांगावा का?

आजाराचं नाव सांगण्यापेक्षा गरज सांगा : "मला दीड ते दोनमध्ये जेवावंच लागतं", "सलग दोन आठवडे थर्ड शिफ्ट नको". सोबत डॉक्टरांची चिठ्ठी द्या. इन्सुलिन घेऊन मशीनवर किंवा गाडीवर काम करत असाल तर मात्र लपवू नका, तुमच्या आणि इतरांच्या जिवाचा प्रश्न आहे.

डॉक्टरांकडे जाताना काय न्यावं?

दोन आठवड्यांचा कागद. रोज एक ओळ : पाळी कोणती, किती वाजता झोपलो, किती वेळा उठलो, उपाशीपोटी साखर, बीपी, आणि त्या दिवशी कामावर काही विशेष घडलं का. मनगटावरच्या घड्याळातले झोपेचे आलेख नाही नेले तरी चालेल, ते गाढ झोपेबाबत बरेचदा चुकतात.

घरात रात्रपाळीचा माणूस आहे. आम्ही काय करावं?

त्याच्या दिवसाला रात्र समजा. वर सांगितलेल्या त्या डायरीवाल्यांचं घर दोन खोल्यांचं. बायकोने खिडकीला जुनी गर्द निळी चादर दुहेरी करून लावली. कुकर ते घरी यायच्या आधीच उतरतो. पार्सल शेजारच्या काकूंकडे ठेवायला सांगितलेलं आहे. दारावर मुलीने पुठ्ठ्यावर लिहून टांगलंय, "बाबा झोपले आहेत, बेल वाजवू नये, दुपारी ३ नंतर यावे". खाली तिने एक चांदोबा काढलाय. थर्ड शिफ्ट संपली की पुठ्ठा उलटा करतात.